दाणे नाहीत, कूट आहे



एरवी या कार्यक्रमात आम्ही बचत, कर्ज, हप्ते, मालाची विक्री यांवर बोलतो. आज वाचनावर बोलणार आहोत. आमच्या गटातल्या एका आईने गेल्या वर्षभरात काय काय वाचलं आणि त्यातून आम्ही सगळ्याजणी काय शिकलो, ते तुम्हाला सांगायचं आहे. सुरुवात मात्र आमच्या चुकीपासून करावी लागेल.

गेल्या संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू होतं. जेवणाला खिचडी, पापड, लोणचं आणि काकडीची कोशिंबीर. ही आमची ताई पाच वर्षांच्या लेकाला घेऊन आली होती. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे असं डॉक्टरांनी दोनच महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. तिने वाढणाऱ्या बाईला विचारलं, "कोशिंबिरीत दाणे आहेत का हो?" उत्तर आलं, "नाही गं, दाणे नाहीत." पोराने दोन घास खाल्ले. थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, खोकला सुरू झाला. गाडी काढून त्याला तालुक्याला नेलं. तिथे इंजेक्शन मिळालं आणि पोरगं सावरलं. रात्रभर त्याला देखरेखीखाली ठेवलं होतं.

वाढणारी बाई खोटं बोलली नव्हती. तिच्या मते कोशिंबिरीत दाणे नव्हतेच. कूट होतं. आपल्या बोलण्यात दाणे वेगळे आणि कूट वेगळं. दाणे म्हणजे अख्खे, दाताखाली येणारे. कूट म्हणजे मिठासारखं, सगळ्यात पडणारं, ज्याची कोणी गणती करत नाही. ती बाई आमच्यातलीच आणि तिच्या जागी आमच्यापैकी कोणीही असती तरी हेच उत्तर दिलं असतं. म्हणून ही चूक आम्ही सगळ्यांची मानतो.

कादंबरीपासून पाककृतीपर्यंत

ही ताई आधीपासून वाचणारी. दर बुधवारी हप्ते गोळा झाले की आमच्याकडे अर्धा तास कोणीतरी मोठ्याने वाचतं आणि बाकीच्या ऐकतात. बहुतेक वेळा वाचणारी हीच असते. कविता महाजनांची 'ब्र' तिनेच आम्हाला वाचून दाखवली. 2005 साली आलेली ही कादंबरी पंचायतीत निवडून आलेल्या बायांबद्दल आहे. आमच्यातल्या दोघी तेव्हा पंचायतीत होत्या, त्यामुळे वाचन कमी आणि चर्चा जास्त झाली.

त्यानंतर 'तोत्तोचान' वाचलं. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणच्या शाळेच्या आठवणी त्यात लिहिल्या आहेत. पुस्तक मराठीत आलेलं आहे आणि वाचायला कादंबरीसारखंच आहे. त्यातले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी त्या छोट्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात. डब्याबद्दल त्यांचा नियम साधा होता. डब्यात काहीतरी समुद्रातलं असावं आणि काहीतरी डोंगरावरचं, म्हणजे जमिनीवर पिकलेलं. ज्याच्या डब्यात एखादं कमी असेल त्याला मुख्याध्यापकांच्या पत्नी आपल्या पातेल्यातून ते वाढायच्या. डबा कमी पडला म्हणून मुलाला लाज वाटू नये, एवढी काळजी ती शाळा घेत होती.

तेव्हा आम्ही ते ऐकून "किती छान" म्हणालो आणि पुढे गेलो. संक्रांतीनंतर ताईला तेच पान पुन्हा आठवलं. तिच्या लेकाचा डबा आता अंगणवाडीत वेगळा असणार होता. बाकीची पोरं चिक्की खाणार आणि हा लांब बसणार. तो डबा त्याला शिक्षा वाटू नये, असं काय करता येईल? या प्रश्नासाठी तिने स्वयंपाकाची पुस्तकं उघडली.

घरात सासूबाईंची 'रुचिरा' होती. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक 1970 साली आलं आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी सुनांनी ते आंदण म्हणून नेलं. वाटी आणि चमच्याचं माप त्यात असल्यामुळे तराजू लागत नाही. ताईने शिसपेन्सिल घेतली आणि जिथे दाणे किंवा कूट येतं तिथे गोल करत गेली. मग नातेवाइकांकडून परदेशातली दोन पुस्तकं मागवली. ज्या घरात मुलाला दूध, अंडं, गहू किंवा दाणे चालत नाहीत त्या घरासाठी लिहिलेली ती पाककृतींची पुस्तकं होती. इंग्रजी अडलं की आमच्यातल्या एकीची कॉलेजात शिकणारी मुलगी अर्थ सांगायची.

त्यातले पदार्थ आपल्या उपयोगाचे फारसे नव्हते. बदामाचं पीठ आणि ओटचं दूध आपल्या आठवडी बाजारात कुठून येणार? पण रीत उपयोगाची होती. प्रत्येक पाककृतीच्या माथ्यावर काय काय नाही ते आधी लिहिलेलं, आणि एखादी वस्तू काढली तर तिचं काम आता दुसरं कोण करणार ते पुढे सांगितलेलं. ही रीत आम्ही उचलली.

अ‍ॅलर्जी म्हणजे नक्की काय

आपलं शरीर रोगजंतूंशी लढतं. कधीकधी ते चुकून अन्नातल्या एखाद्या प्रथिनालाच शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढायला लागतं. ही अन्नाची अ‍ॅलर्जी. मग अंगावर गांधी येतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, धाप लागते. चिमूटभर अन्नानेही असं होऊ शकतं. "थोडं थोडं दे, सवय होईल" हा सल्ला म्हणूनच घातक आहे. अशी सवय लावायचे उपचार असतात, पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात, घरी नाही.

प्रत्येक त्रास अ‍ॅलर्जी नसतो. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात, पण दही-ताक चालतं, असं बऱ्याच मोठ्या माणसांचं असतं. त्यांना दुधातली साखर पचत नाही. ती अ‍ॅलर्जी नव्हे. दुधाची अ‍ॅलर्जी दुधातल्या प्रथिनाची असते आणि तिथे दही, ताक, पनीर, खवा काहीच चालत नाही. गव्हाचा सिलिअ‍ॅक नावाचा आजार आणखी निराळा. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होत राहते. अशा माणसाला ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतो, पण तो ज्या गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळला त्याचं पीठ चालत नाही. रवा, मैदा, शेवया हा गहूच. बाजारातल्या बांधणीच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. ज्वारीची भाकरी करून त्यावर हिंगाच्या फोडणीचं वरण वाढलं की पथ्य मोडलं, आणि ते कळतही नाही.

यातलं आपल्या मुलाला नेमकं काय आहे ते डॉक्टरच सांगू शकतात. रक्ताची किंवा त्वचेवरची तपासणी असते, पण नुसती तपासणी आली म्हणजे अ‍ॅलर्जी ठरत नाही. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, ही हकिगत तितकीच महत्त्वाची. म्हणून वहीत लिहून न्या. तपासणीचा लांबलचक कागद बघून मुलाचे पाच-सहा पदार्थ आपल्या मनाने बंद करू नका. मूल कुपोषित व्हायचं.

कूट काय काम करतं

आता स्वयंपाकाकडे येऊ. कूट काढून टाका म्हणणं सोपं आहे. आमच्या भागात कुटाशिवाय स्वयंपाक म्हणजे काय ते तुम्हीच बघा. वांग्याची भाजी, गवार, पालकाची पातळ भाजी, खर्डा, साबुदाण्याची खिचडी, तिळाचे लाडू, आणि तोंडी लावायला दाण्याची चटणी. उपासाचा दिवस तर दाण्यांचाच.

ताईने प्रत्येक पदार्थापुढे लिहिलं, इथे कूट कशासाठी आहे? उत्तरं वेगवेगळी आली.

पातळ भाजीत कूट रस दाट करतं. तिथे बेसन लावलं की काम भागतं. भरल्या वांग्यात ते मसाला धरून ठेवतं आणि तेलकट खमंगपणा देतं. तिथे भाजलेलं सुकं खोबरं आणि डाळं वाटून घातलं. कोशिंबिरीत कूट काकडीचं पाणी ओढून घेतं. तिथे काकडी पिळून घेतली आणि डाळ्याची पूड भुरभुरली. चटणीला जवस आणि कारळे आपल्याकडे पूर्वीपासून आहेतच. खिचडीत कूट साबुदाण्याचे दाणे मोकळे ठेवतं. तिथे ओलं खोबरं घालून पाहिलं, खिचडी थोडी चिकट झाली. मग साबुदाणा कमी पाण्यात भिजवला आणि भोपळ्याच्या भाजलेल्या बियांची भरड घातली. आता बरी होते. अगदी तशीच होते असं आम्ही म्हणणार नाही.

इथे एक सावधगिरी. भुईमूग हा डाळींच्या कुळातला. दाणे सोसत नाहीत अशा बऱ्याच मुलांना हरभरा, तूर चालते, पण सगळ्यांनाच चालेल असं नाही. काजू-बदाम आणि तीळ यांची अ‍ॅलर्जी दाण्यांच्या जोडीने असू शकते. म्हणून कुटाऐवजी काय वापरायचं ती यादी आधी डॉक्टरांना दाखवा. ताईने दाखवली होती. तिच्या लेकाला डाळं, खोबरं, जवस चालतं. तीळ तूर्त बंद आहेत. तेलाचंही विचारून घ्या. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनाचा अंश राहतो.

दुसरी गोष्ट भांड्यांची. दाण्याची चटणी वाटलेलं मिक्सरचं भांडं नुसतं विसळून त्यात खोबरं वाटलं तर उपयोग नाही. चमचा, खलबत्ता, पोळपाट, तळणीचं तेल, सगळ्याचं तसंच. ताईच्या सासूबाईंना हे समजावताना जड जाईल असं आम्हाला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे उपासाचं वेगळं ठेवतो तसंच ना?" त्यांनीच एक मिक्सरचं भांडं, एक कढई आणि दोन डाव बाजूला काढले, त्यांना लाल दोरा बांधला आणि वरच्या फळीवर ठेवले. घरातलं दाण्याचं कूट आता वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्यासकट, खालच्या कप्प्यात असतं.

पाकिटाची पाठ वाचायला शिकलो

पुस्तकानंतर पाकिटं आली. पूर्वी आम्ही किंमत आणि तारीख बघायचो. आता पाकीट उलटं करतो.

घटकांच्या यादीत जो पदार्थ वजनाने सगळ्यात जास्त तो आधी लिहिलेला असतो आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे. 2020 च्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे काही पदार्थ असतील तर ते वेगळे सांगावे लागतात. ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकडा यांसारखे कवचाचे जीव, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाईट. 'कंटेन्स' असं लिहून पुढे नाव असेल तर तो पदार्थ आत आहेच. 'मे कंटेन' असेल तर तो मुद्दाम घातलेला नाही, पण त्याच कारखान्यात हाताळला जात असल्याने अंश असू शकतो. अ‍ॅलर्जी असलेल्यासाठी दोन्ही सारखीच टाळायची. तीळ या यादीत नाही. त्यासाठी घटकांची सगळी यादीच वाचावी लागते.

आमच्यातल्या ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी काही शब्दांचं रूप पाठ केलं, एसटीची पाटी ओळखतो तसं. पीनट आणि ग्राउंडनट, दोन्ही म्हणजे आपला भुईमूगच. मिल्क सॉलिड्स, व्हे आणि केसिन म्हणजे दूध. रिफाईंड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदा. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी एवढंच सांगतो. त्यात दूध, दाणे, गहू सगळं असू शकतं. आणि नेहमीचं पाकीट असलं तरी दर वेळी वाचायचं, कारण कंपनी माल बदलते आणि आपल्याला सांगायला येत नाही.

आणि आमचं पाकीट?

एका बुधवारी ताईने वाचता वाचता आमचीच भाजणी उलटी केली. आमचा गट थालिपिठाची भाजणी, मेतकूट, जवसाची आणि दाण्याची चटणी विकतो. तिने विचारलं, "ही भाजणी मी माझ्या पोराला देऊ का?" कोणालाच उत्तर देता येईना. भाजणीत दाणे नाहीत, पण आदल्या दिवशी त्याच यंत्रात दाण्याची चटणी काढलेली होती. संक्रांतीला दिलं होतं तेच उत्तर आम्ही पाकिटावर छापून विकत होतो.

त्यावर वाद झाला, तो लपवत नाही. "याच यंत्रावर दाणे दळले जातात असं लिहिलं तर माल कोण घेईल? आधीच विक्री जेमतेम," असं आमच्या अध्यक्ष म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं, त्या पैशांवर घरं चालतात. दुसरी म्हणाली, "एखाद्या आईने विश्वासाने घेतलं आणि तिच्या पोराला काही झालं, तर ते पैसे आपल्याला पचतील का?" तीन बैठका गेल्या.

शेवटी ठरलं ते असं. आठवड्याच्या सुरुवातीला स्वच्छ धुऊन कोरड्या केलेल्या यंत्रात आधी भाजणी, मग मेतकूट, मग जवसाची चटणी आणि शेवटच्या दिवशी दाण्याची. दाण्यासाठी चाळणी, परात, चमचे वेगळे. आणि तरीही प्रत्येक पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत एक ओळ, "आमच्याकडे याच यंत्रावर शेंगदाणे, तीळ आणि गहू दळले जातात." यंत्र एकच आहे तोवर ही ओळ काढता येणार नाही. दुसऱ्या यंत्रासाठी बचत सुरू केली आहे. ताई आमची भाजणी अजून घेत नाही. ती घरीच भाजते, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.

घाबरून दाणे बंद करू नका

हे सगळं ऐकून तुम्ही बाळाला दाणे द्यायचेच बंद कराल, ही आम्हाला भीती आहे. तसं करू नका. दाणे हे आपलं स्वस्त आणि ताकदीचं अन्न आहे. 2015 साली लंडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली 640 बाळं त्यात होती, चार ते अकरा महिन्यांची. निम्म्यांना दाण्याचे पदार्थ नेमाने दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिले नाहीत. ज्यांना दिले नाहीत त्यांच्यात शंभरातल्या सुमारे सतरा मुलांना दाण्याची अ‍ॅलर्जी निघाली, ज्यांना दिले त्यांच्यात शंभरातल्या सुमारे तिघांना. म्हणजे उगाच टाळल्याने धोका वाढतो. वरचं अन्न सुरू केल्यावर बारीक कूट खिमटीत, पेजेत मऊ कालवून द्यावं. अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. बाळाला आधीच जास्त इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं.

घरातल्या भिंतीवर लावायची गोष्ट

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की "पित्त उठलं" म्हणून आमसूल चोळतात. नुसती खाज असेल तर एक वेळ ठीक. पण खाल्ल्यानंतर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, छातीत घरघर सुरू झाली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, चक्कर आली, तर आमसूल शोधत बसू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते पोचताक्षणी सांगा. अशा वेळचं पहिलं औषध म्हणजे मांडीत द्यायचं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. तोवर मुलाला आडवं ठेवा, पाय उंच करा, चालवू नका. श्वास लागत असेल तर बसू द्या. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका, त्रास काही तासांनी परत येऊ शकतो. ज्यांच्या मुलाला ही अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हे सगळं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं आणि एक प्रत अंगणवाडीत, शाळेत द्यावी.

ताईच्या लेकाचा डबा आता अंगणवाडीत जातो. सेविकाताईंनी एक युक्ती काढली. आठवड्यातून एक दिवस सगळ्याच मुलांना त्याला चालणारा खाऊ असतो, बहुतेक वेळा खोबऱ्याची वडी. त्या दिवशी तो मधे बसतो. बाकीच्या दिवशी सेविकाताई त्याच्या शेजारी बसतात आणि मुलांचे हात धुऊन घेतात.

तुम्हीही एक करून बघा. आपल्या घरी कोणी पाहुणी मुलाला घेऊन आली आणि तिने विचारलं, "यात दाणे आहेत का?", तर लगेच "नाही" म्हणू नका. "थांब, काय काय घातलंय ते आठवून सांगते," असं म्हणा. आणि मीठ-तिखटापासून सगळं सांगा, कूटसुद्धा.

पुढच्या बुधवारपासून आमच्याकडे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' सुरू होते आहे. वाचणार अर्थात ताईच. भेटू पुढच्या महिन्यात. नमस्कार.